खुर्चीतली आई

तसबीर उतरवायला आत्या स्टुलावर चढली तेव्हा घरात कोणी नव्हतं, हे बरं झालं. या वयात स्टुलावर उभी दिसली असती, तर तसबीर राहिली बाजूला, आधी तिलाच खाली उतरवून सगळ्यांनी झापलं असतं.

तिनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, एकेक पाय चाचपत खाली आली आणि काचेवरची धूळ बाहीनं पुसली. खुर्चीमागे उभे बाबा, अंगात कोट. त्यांच्या शेजारी मधला, म्हणजे आताचे निवृत्त मास्तर, दोन मापं मोठ्या बुटांत. खुर्चीत आई, खांद्यांवरून शाल, मांडीवर तान्हा धाकटा. आणि आत्या कुठे? ती या फोटोत नाही. नवे बूट मिळाले नाहीत म्हणून ती त्या दिवशी रुसून बसली होती, असं घरात सांगतात. कुटुंब जमलं की हा विनोद एकदा तरी होतोच, आणि आत्याही सगळ्यांबरोबर हसते.

तिनं तसबीर स्टुडिओच्या खोलीत नेली आणि रंगवलेल्या बागेच्या पडद्यामागे भिंतीला टेकवून ठेवली. परत बाहेरच्या खोलीत येऊन पाहते, तर भिंतीवर एक पांढरा स्वच्छ चौकोन. बाकी भिंत धुरकट, आणि मधोमध एवढीच जागा लख्ख. लपवायला गेली आणि भिंतीनंच चहाडी केली. कॅलेंडर लावून पाहिलं, ते लहान पडलं. तेवढ्यात दार वाजलं.

मास्तर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आले होते. शाळेत असताना घंटेच्या आधी पोचायची सवय लागली ती लागलीच.

"ताई, आई कुठे गेली?" त्यांनी चष्मा पुसत भिंतीकडे पाहिलं.

"फ्रेम सैल झाली होती. दुरुस्तीला दिलीय."

"आज? सगळे फोटो काढायला जमणार त्याच दिवशी?"

आत्यानं कॅलेंडर उगीचच सरळ केलं. मास्तरांशी खोटं बोलणं कठीण, कारण या बाबतीत खरं काय ते जगात आता दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातले एक ते स्वतः.

"चिंगीला हवाय तो," ती शेवटी म्हणाली. "माणसाएवढा मोठा करून तिच्या प्रदर्शनात, सभागृहाच्या दारात लावणार म्हणते. एवढा मोठा केला की मानेजवळचा सांधा दिसणार. बाबांचा पहिलावहिला सांधा आहे तो. पुढे हात बसला त्यांचा, पण तेव्हा अंदाजानंच केलं होतं सगळं."

मास्तर खुर्चीत बसले. "दिसू दे की मग."

"तू वेडा आहेस का?"

"ताई, साठीला आलाय तो."

"तेच म्हणतेय मी. साठ वर्षं जे धरून बसलाय, ते काढून घ्यायचं? आणि त्याच्या बदल्यात काय द्यायचं त्याला?"

वर्गात असते तर मास्तरांनी फळ्याकडे तोंड फिरवलं असतं.

हा स्टुडिओ बाबांनी काढला तेव्हा या गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाचं अर्धं घर दुसरीकडे होतं. कुणी डोंगरापलीकडून आलेलं, कुणी पाण्यापलीकडून. पुरुष पुढे यायचे, बायकापोरं मागे राहायची, आणि दोघांनाही एकत्र फोटो हवा असायचा. मग बाबांनी एक युक्ती काढली. जो माणूस मागे राहिलाय, त्याच्या बांध्याचं दुसरं कुणीतरी खुर्चीत बसवायचं आणि फोटो काढायचा. मग पलीकडून आलेल्या एखाद्या लहानशा फोटोतला चेहरा मापात मोठा करायचा, कापायचा, त्या धडावर चिकटवायचा, सांधा ब्रशनं बुजवायचा आणि सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. गल्लीत त्याला जोडफोटो म्हणत. या गल्लीचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, इथे कोण आलं, का आलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. जे काही आहे ते घराघरांतल्या खिळ्यांवर टांगलेलं आहे. बऱ्याच जणांची माणसं पुढे खरोखर येऊन पोचली. काहींची कधीच आली नाहीत.

आई आली नाही. धाकट्याला जन्म देताना ती तिकडेच गेली. बाबा इकडे, तिकडे जवळचं असं कोणी नाही, तेव्हा चौदा वर्षांच्या आत्यानं सात वर्षांच्या भावाचं मनगट धरलं, तान्ह्याला शालीत बांधलं आणि जहाजात पाय ठेवला. धक्क्यावर बाबांनी तिघांना मोजलं, मग मागे पाहिलं, मग पुन्हा तिघांना मोजलं. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

पुढे धाकटा बोलायला लागायच्या आत बाबांनी दोघांना समोर बसवलं आणि बजावलं, त्याला असंच सांगायचं, की आई इथे आली होती, वर्षभर राहिली आणि तापानं गेली. आपल्यामुळे आई गेली हे या पोराला कळलं तर ते जन्मभर मान खाली घालून चालेल, मला ते बघवणार नाही, असं ते म्हणाले. आत्यानं शब्द दिला. भिंतीवरचा फोटो तर आधीच तयार होता.

धाकटा आला तो जिन्यापासूनच हाका मारत आला. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, दारातून शिरतानाही वळण घेतल्यासारखा शिरतो. मागोमाग त्याची बायको, हातात पावाची पिशवी आणि कपाळाला आठी. सगळ्यांत शेवटी त्यांची लेक चिंगी. चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, नावाजलेली फोटोग्राफर, पण लहानपणी पडलेलं चिंगी हे नाव काही तिची पाठ सोडत नाही. तिच्या दोन्ही खांद्यांवर कॅमेरे आणि काखेत एक भलंमोठं पाकीट होतं.

धाकट्यानं चप्पल काढली, सवयीनं भिंतीकडे वळला, हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला. या घरात आलं की तो फ्रेमच्या खालच्या कडेला बोटं लावतो. कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं लावतो, पण सगळ्यांना माहीत आहे.

"आई कुठाय?"

"दुरुस्तीला," आत्या आणि मास्तर एकदमच म्हणाले. एकदम म्हणाले म्हणूनच ते खोटं वाटलं.

"मला विचारायचं तरी." त्याचा आवाज उतरला. "आज सगळ्यांचा फोटो आहे. मी तर म्हणणार होतो, आईला मध्ये खुर्चीत ठेवू आणि आपण भोवती बसू. तिच्याशिवाय मी नाही बसणार."

"आता रुसायची पाळी तुमची," त्याची बायको पिशवी ठेवत म्हणाली. "ताई बुटांसाठी रुसल्या, तुम्ही आईसाठी रुसा. हे घरच रुसव्यांचं."

"तुला नाही कळायचं. मला तिचा हात आठवतो."

"झालं सुरू."

"हसा खुशाल. पण मला आठवतो. कपाळावरून फिरायचा. जरासा खरखरीत, आणि त्याला आंबट वास यायचा. व्हिनेगरसारखा."

"वर्षाच्या पोराला वास आठवतो म्हणे! आणि काल येताना साबण आणा म्हटलं, ते नाही आठवलं."

चिंगी हसली, मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि आत्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. गेला महिनाभर ती पुन्हा फोटो धुवायच्या काळ्या खोलीत जात होती. प्रदर्शनाचे फोटो जुन्या पद्धतीनंच हातानं काढायचे, असा चिंगीचा हट्ट होता, आणि ते काम येणारं माणूस गल्लीत आता एकच उरलं होतं. त्या आंबट द्रावात बुचकळून बुचकळून तिच्या हातांना पुन्हा तोच वास धरला होता. साबणानं जात नव्हता. खरं सांगायचं तर तिला तो घालवायचाही नव्हता.

धाकटा भिंतीसमोरच उभा होता, तोंड एवढंसं करून. या तोंडापुढे आत्याचं कधीच काही चाललेलं नाही. ती उठली, आत गेली आणि पडद्यामागून तसबीर काढून घेऊन आली.

"फ्रेमवाला बागेतच राहतो वाटतं," धाकट्याची बायको म्हणाली, पण हळूच.

धाकट्यानं तसबीर घेतली, टेबलावर भिंतीला टेकवून उभी केली आणि तिच्या पायाशी खुर्ची ओढून बसला. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता.

पण खोलीत अवघडलेपण राहिलं होतं. ते घालवायला चिंगीनं पाकीट उघडलं.

"सगळ्यांनी इकडे या. एक गंमत दाखवते. आत्या, तू तर येच. गुन्हेगार तूच आहेस."

तिनं टेबलावर फोटो मांडायला सुरुवात केली. गल्लीतल्या घराघरांतून तिनं ते मागून आणले होते, आणि प्रत्येकाशेजारी त्याच घरातल्या माणसाचा तिनं आता काढलेला फोटो ठेवत होती. दोर विकणाऱ्या बाईच्या आईचा जुना फोटो, आणि शेजारी ती दोरवाली, आता स्वतःच म्हातारी, हातात दोराचं वेटोळं. शिंप्याचा बायकोबरोबरचा फोटो, आणि शेजारी एकटा शिंपी. शिलाई मशीनशेजारची दुसरी खुर्ची त्यानं अजून काढलेली नाही. न्हाव्याची बहीण, जी कधी आलीच नाही, आणि शेजारी तिचा भाचा, तिचीच हनुवटी घेऊन जन्माला आलेला.

"किती छान काढलेस गं," आत्या म्हणाली. तिला खरंच भरून आलं. यांतल्या प्रत्येकाला तिनं तरुण पाहिलं होतं.

"थांब, गंमत पुढे आहे. चेहरे नका बघू. हात बघा हात." चिंगीनं भिंग दोरवालीच्या आईवर धरलं. "उजवी करंगळी. कशी बाहेर वळलीय? आता शिंप्याची बायको. तीच करंगळी! आता न्हाव्याची बहीण. पुन्हा तीच! एकेका घरात एकेक फोटो, कोणाला कशाला कळणार? मी सगळे एका टेबलावर ठेवले तेव्हा कळलं. आत्या, अर्ध्या गल्लीच्या आया आणि बायका म्हणून तूच बसलीयेस!"

एकच हशा पिकला. धाकट्याच्या बायकोनं डोळे पुसले. "म्हणजे शिंपी इतकी वर्षं ताईंच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे? सांगू का त्याला?"

"खबरदार!" आत्याही हसली. "बाबा मला धरून बसवायचे. तोंडाची काळजी करू नकोस म्हणायचे, ते कापायचंच आहे."

सगळ्यांत मोठ्यानं धाकटा हसत होता. "वा ताई! आणि करंगळी तरी कसली, आईकडून आलेली! मी नेहमी सांगतो, ताईनं आईची करंगळी घेतलीय. बघ चिंगे, आमच्या आईची पण अशीच…"

बोलता बोलता त्यानं मागे वळून तसबिरीकडे बोट केलं. शालीतून बाहेर आलेला तो हात, तान्ह्याच्या पोटावर ठेवलेला. बाहेर वळलेली करंगळी. तो पाहत राहिला. मग त्यानं टेबलावरचे फोटो पाहिले. मग पुन्हा तसबीर. त्याचं हसू ओठांवरच राहिलं होतं, पण त्यात आता काही नव्हतं.

आत्यानं करंगळी मुठीत दुमडली. सगळ्या जन्माची राखण एका करंगळीनं पाण्यात घातली.

"ताई," तो म्हणाला, "करंगळी तुला आईकडून आली ना?"

अजूनही हो म्हणता आलं असतं. तोंडातून 'हो' निघतच होतं. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठून धाकट्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, आणि त्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. ते पाहून आत्याला कळलं की आता आपल्या बाजूला कोणी नाही, आणि धाकट्याच्या बाजूला कोणीतरी असणं जास्त गरजेचं आहे.

"नाही," ती म्हणाली. "जहाजावर पेटीचं झाकण पडलं होतं या करंगळीवर."

चिंगीच्या हातातलं भिंग खाली आलं. "आत्या, मला खरंच माहीत नव्हतं. मी नुसती गंमत म्हणून…"

"तुझं काही चुकलं नाही."

"मग आई?" धाकट्यानं विचारलं. "ती जहाजावर नव्हती?"

"नव्हती रे."

"इथे आलीच नाही?"

आत्यानं मान हलवली. पुढचा प्रश्न तो विचारणार हे तिला ठाऊक होतं, आणि तो विचारण्याआधीच सांगून टाकावं असं तिला वाटलं, म्हणजे निदान विचारण्याचा त्रास तरी त्याला पडणार नाही.

"तू झालास आणि ती गेली. तुझ्यामुळे नाही. सुईण वेळेवर आली नाही, पाऊलवाट वाहून गेली होती. मी तिथेच होते. तिनं तुला पाहिलं. मला म्हणाली, याचे कान बाबांसारखे आहेत. मी खोटं बोलत नाहीये. इतकी वर्षं बोलले, आता नाही बोलत."

धाकट्याची बायको, जिच्या जिभेला एरवी क्षणाची उसंत नसते, ती नवऱ्याजवळ जमिनीवर बसली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हणजे मी तिच्या मांडीवर कधी बसलोच नाही," धाकटा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं. "सगळ्यांना सांगत फिरलो मी. डेपोमध्ये सांगितलं. माझ्याकडे पुरावा आहे, फोटो आहे म्हणून सांगितलं."

"चेहरा तिचाच आहे," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला आठवतो ना. अगदी तिचाच."

"आणि बाकीचं?"

"बाकीची मी," आत्या म्हणाली. "तू रडायला लागलास. बाबा ओरडले, हलू देऊ नको त्याला. म्हणून मी शालीतून हात बाहेर काढला. नाहीतर हात दिसणारच नव्हता. फोटो झाल्यावर बाबा म्हणाले, पुन्हा काढू. मग तेच म्हणाले, राहू दे."

मग धाकट्यानं हात पुढे केला. आत्याला वाटलं त्याला तसबीर हवी आहे, ती उचलायला वळली, तर त्यानं तिचंच मनगट धरलं. तिचा हात त्यानं उलटा केला, सुलटा केला, आणि नाकाशी नेला.

आत्याला हात मागे घेता आला असता. तिनं घेतला नाही.

त्यानं डोळे मिटले. असाच तो लहानपणी दाराशी यायचा, काळ्या खोलीतून ती कधी बाहेर येते याची वाट बघत, आणि तिचा ओला हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवायचा. ती त्याला ओरडायची, अरे, हात तरी धुऊ दे.

"हाच आहे," तो म्हणाला. मग बायकोकडे वळून, रडक्या आवाजातच, पण जरा ठसक्यात म्हणाला, "बघ. आठवतं म्हणत होतो की नाही? तुम्ही सगळे हसत होता."

"हो हो," ती नाक ओढत म्हणाली. "तुमचंच खरं."

कोणीतरी चहा केला. कोणी केला ते नंतर कुणालाच आठवेना, पण सगळ्यांच्या हातात कप होते. धाकटा दोनदा उठून खिडकीशी गेला. एकदा तो आत्यावर चिडलाही. "बाबा गेले तेव्हा तरी सांगायचंस," असं म्हणाला, आणि आत्या "सांगायला हवं होतं" एवढंच म्हणाली. मग तो परत येऊन बसला. मास्तरांनी त्याला आईबद्दल जे जे आठवत होतं ते सांगितलं. ती चालताना गुणगुणायची, दाराला कडी लावायला विसरायची, आणि धाकट्यासारखीच लवकर रुसायची. धाकटा एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होता.

"मोठा फोटो नको लावायला," चिंगी हळूच म्हणाली. "मी दुसरा निवडते."

"का म्हणून?" धाकटा म्हणाला. "लाव. दारातच लाव. सांधा दिसला तर दिसू दे. आणि त्याच्याशेजारी आजचा लाव, जसे बाकीच्यांचे लावलेस तसे." तो उठला. "चला, उजेड जाईल. खुर्ची मध्ये घ्या."

खुर्ची बागेच्या पडद्यासमोर ठेवली. मास्तर मागे उभे राहिले. धाकट्याची बायको एका बाजूला, तिनं आपली आठी कशीबशी पुसून टाकली होती. धाकटा खुर्चीच्या पुढ्यात जमिनीवर बसला, गुडघे कुरकुरले तरी. मग सगळे आत्याकडे पाहायला लागले.

"मी कशाला? मी तर बुटांसाठी रुसले होते."

"ताई, बस गुपचूप," मास्तर म्हणाले, वर्गातल्या आवाजात.

ती बसली. कुणी न सांगता तिनं शाल सारखी केली, पाठ ताठ केली, हात जागेवर नेला, आणि चेहरा सैल सोडून दिला, डोळे कुठेच न पाहणारे. इतक्या वर्षांनीही अंग विसरलं नव्हतं.

"आत्या," चिंगी कॅमेऱ्यामागून म्हणाली, "असं नको ना. इकडे बघ."

"बघतेय की."

"नुसतं धड बसवून ठेवलंयस. तोंड कुठे आहे तुझं?"

आत्या गोंधळली. तोंडाचं काय करायचं असतं ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. तिचा हात धाकट्याच्या पिकल्या डोक्यावर होता, तो तिनं कपाळावर सरकवला.

"हात धुतलेस का गं ताई?" धाकट्यानं मान न वळवता विचारलं.

"नाही रे," असं म्हणता म्हणता तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले. तिनं तोंड झाकायला दुसरा हात उचलला, पण चिंगी ओरडली, "हलू नकोस!" आणि कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"झाला?" आत्यानं विचारलं. "बघू तरी. वेडीविद्री आले असेन. पुन्हा काढ."

चिंगीनं फोटो पाहिला, आणि कॅमेरा खाली ठेवून ती म्हणाली, "राहू दे."